आवाज नावाचा रकाना नाही

इराप्पा कोटगी कान लावायचा
तो कॉम्प्रेसरला नाही, मागच्या भिंतीला.
मशीन लाजतं, भिंत सांगते, म्हणायचा.
"बेअरिंग कण्हूलालंय बघा, सावकार."
मी सावकार कसला, स्टोअरचा कारकून,
पण तो सगळ्यांनाच सावकार म्हणे,
चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा.

तेव्हा लाल पाठीचं रजिस्टर होतं.
वरच्या ओळीत तो कन्नडात लिही,
खालच्या ओळीत मी मराठीत,
आणि दड्डीकर मालक दोन्हींखाली सही करत.
वाचून.

मग मालकांनी उद्यमबागेतला कारखाना विकला.
गुरुग्रामची माणसं आली, भिंत निळी केली,
'आपण एक कुटुंब' असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं.
कुणी सांगितलंच नाही रंग ओला आहे म्हणून.
आठवडाभर इराप्पा निळा कान घेऊन फिरला.

दोन वर्षांत चार प्लांट हेड.
पहिल्याने रॅक पूर्व-पश्चिम लावले,
दुसऱ्याने उत्तर-दक्षिण.
तिसऱ्याने विचारलं, बेळगाव गोव्यात ना?
चौथ्याला मी अजून पाहिलेला नाही.
त्याची सही येते.

ज्या गावासाठी दोन राज्यं इतकी वर्षं कोर्टात उभी आहेत
ते गाव कंपनीच्या यादीत सापडेना.
पुणे, चेन्नई, मानेसर,
आणि सगळ्यात खाली 'इतर'.
आमचा पगार 'इतर'मध्ये होतो.
एवढा मोठा सीमाप्रश्न एका टिचकीत मिटला,
पेढे काही कुणी वाटले नाहीत.

रजिस्टर रद्दीत गेलं. तक्रार आता मोबाइलवर.
इराप्पा शेजारी उभा राहिला, तुम्हीच भरा म्हणाला.
वीज. पाणी. एसी. खुर्ची. कॅन्टीन.
खाली-वर दोनदा सरकवलं,
आवाज नावाचा रकाना नाही.
"एन माडूदु," तो म्हणाला, "खुर्ची दाबा.
माणूस तर येऊ दे."

माणूस आला नाही, खुर्ची आली.
काळी, चाकांची, पाठीला जाळी.
तक्रार बंद. आपले समाधान झाले का?
इराप्पाने पाचही तारे दिले.
खुर्ची खरंच चांगली होती.

ती भिंतीशी ओढून तो रात्रपाळीला बसू लागला,
डोळे मिटून, भजनात बसल्यासारखा.
कुणीतरी फोटो काढला.
चाळीस जणांना मेल गेली: कामावर झोप.
मीटिंगमध्ये तो उभा राहून समजावू लागला,
तीस वर्षं मशीनवरून बोलणारा माणूस,
त्याला हळू बोलता येत नाही.
वर्षाच्या मूल्यमापनात
संवादकौशल्य: पाचपैकी दोन.

तो भांडला नाही. हेल्मेट, बूट, कार्ड
टेबलावर मांडून ठेवलं, पूजेचं साहित्य मांडावं तसं.
सोडण्याचं कारण निवडायचं होतं:
लग्न, उच्च शिक्षण, स्थलांतर, आरोग्य.
"ह्यात आवाजाच्या जवळचं कुठलं?"
मी आरोग्य दाबलं.

आता पिरनवाडीला त्याचं दुकान आहे,
विहिरीच्या मोटारी भरतो.
मला जायचंय कधीपासून.
तिसऱ्या गेटला वळतो आणि घरी जातो,
घरी जाऊन मोबाइल बघतो,
सुट्टीच्या दिवशीही हसरे चेहरे पाठवायचे असतात.

पण कधी रात्री दोनच्या सुमारास फोन येतो.
"सावकार, धरा की जरा."
मी मोबाइल भिंतीला लावतो,
रंगाचे पोपडे गेलेत तिथे, कुटुंबाच्या शेजारी.
तिकडे पिरनवाडीची कुत्री भुंकतात,
त्यांना तो हड् करतो, पुन्हा ऐकतो.
मग म्हणतो,
"दोन महिने. लई झालं तर."

कुणाचे, ते मी विचारत नाही.
घरून शंभर पानी वही आणली आहे.
तारीख घालतो, दोन महिने असं लिहितो,
खालच्या ओळीत.
वरची कोरी सोडतो.